पदरातली शेवटची गाठ

सारजाबाईनं पदराला पहिली गाठ मारली ती निव्वळ मिठासाठी. आमटीत मीठ पडलं की गाठ सोडायची, एवढाच साधा बेत. असल्याच एका गाठीपायी पुढं लेकीची सोयरीक मोडायची पाळी येईल, हे तिला काय, तिच्या मिठालाही ठाऊक नव्हतं. (मीठ बिचारं त्या दिवसांत आमटीत एक तर दोनदा पडायचं, नाही तर पडायचंच नाही.)

मुळशीला धरणाचं काम चालू होतं त्या सुमाराची ही गोष्ट. पौडाच्या अलीकडं, माळाच्या कडेला सारजाबाई आणि तिचा नवरा म्हसू शेळ्यामेंढ्या राखून होते. बाई मोठी हुशार. कळपातल्या कुठल्याही कोकराची आई, आजी आणि त्या आजीचा स्वभाव तिला तोंडपाठ. म्हसूला स्वतःच्या मावश्याही इतक्या धड सांगता येत नसत. पण अलीकडं काहीतरी बिनसलं होतं. हातात विळा धरून ती विळा शोधायची. काही आणायला म्हणून घरात शिरायची आणि मधोमध उभी राहून विचार करायची, आपण आलो कशाला. मध्येच अंगाची आग व्हायची, ऐन थंडीत ती दारात बसून सुपानं वारा घ्यायची. एकदा तर लेकीला हाक मारायला तोंड उघडलं आणि नावच आठवेना. शेवटी मेंढरांना हाकतात तसं ‘हुर्र’ केलं. सखू आली, पण फुरंगटूनच आली.

त्या दिवशी सारजाबाई कुंपणाआड जाऊन रडली. तिला खरोखरच भीती वाटली, की आपलं डोकं फिरत चाललंय.

म्हसू घाबरला. ‘‘सखूची आय, देवऋषाला आणू का गं?’’

‘‘आणा. पर कशापायी आणला त्ये तुमीच ध्यानात ठिवा.’’

देवऋष्याच्या आधी शेजारची गोजराबाई आली. ती सुईण. निम्म्या गावाची नाळ तिनं कापलेली. तिनं सारजाबाईला नीट न्याहाळलं, चार गोष्टी कानात विचारल्या आणि मोठ्यानं हसली.

‘‘अगं, भूत न्हाई आन् खेत न्हाई. तुझा कावळा सुटायला लागलाय. यायचा तर महिना महिना येत न्हाई, आला तर जायाचं नाव घेत न्हाई. कायमचा उडायच्या आधी डोक्यातलं दाणं टिपून नेतोय मुडदा. माझं बी असंच झालं हुतं. म्या तर एकदा दुसरीच्याच घरात जाऊन चूल पेटवली हुती. जातंय हे समदं, डोकं येतंय माघारी.’’

(बायकांच्या या कावळ्याबद्दल पुरुषांनी ऐकून न ऐकल्यासारखं करायचं असतं. दारातल्या म्हसूनं आभाळ बघितलं.)

सारजाबाईचा जीव भांड्यात पडला. पण दुसऱ्याच दिवशी माले गावाहून सांगावा आला, की पोराचा बाप भैरू आणि त्याची बायको तानूबाई सोयरीक पक्की करून सखूची सुपारी फोडायला येतायत. घर चांगलं होतं, पोरगा निर्व्यसनी होता, आणि मुख्य म्हणजे सखूनं तो जत्रेत बघून ठेवला होता. आता पुरणात मीठ आणि आमटीत नुसता गूळ पडला, तर पाहुणे काय म्हणतील? येडीची लेक! आपल्या विसरण्यापायी लेकीचं वाटोळं व्हायला नको, या एका विचारानं सारजाबाईची झोप उडाली.

मग तिनं कंबर कसली. मिठाची एक गाठ होतीच. गुळाची दुसरी मारली, हळदकुंकवाची तिसरी. आई मेलेल्या कोकराला दूध पाजायचं, त्याची एक. बघता बघता पदर असा गाठाळला, की डोक्यावर घेतला तर टाळूत रुतायचा. पण कुठली गाठ कशाची, हेच आठवेना. गूळ म्हणून तिनं मीठ टाकलं आणि कोकराला हळदकुंकू लावलं.

बाई हरली नाही. तिनं गाठीगाठीत ज्याचं त्याचं बी घातलं. मिठाच्या गाठीत मिठाचा खडा, गुळाच्या गाठीत गूळ, कोकराच्या गाठीत लोकर, तिखटाच्या गाठीत सुकी मिरची. आता चाचपून बघितलं की झालं. आमटी पुन्हा आमटीसारखी लागू लागली, कोकरू टणाटणा उड्या मारू लागलं, आणि सारजाबाई चुलीपाशी गुणगुणायलाही लागली.

‘‘ह्यो पदर हाय का वाण्याचं दुकान?’’ म्हसू हसला. ‘‘माझं बघ. एक गाठ न्हाई. समदं हितं हाय,’’ आणि त्यानं पागोट्यावर टिचकी मारली.

‘‘मग सुपारी तुमीच संबाळा,’’ सारजाबाई म्हणाली. ‘‘पाव्हण्यांम्होरं इसरायची न्हाई.’’

तिनं सुपारी त्याच्या उपरण्याच्या टोकात बांधली. त्यानं पाठ फिरवल्यावर आपल्या पदराच्या अगदी कोपऱ्यात आणखी एक गाठ मारली. सखूनं विचारलं, ‘‘आये, ही कशाची गं?’’ सारजाबाई नुसती हसली.

पाहुणे आले. पोळ्या मऊसूत, आमटी झकास. म्हसू ओसरीवर भैरूशी पान चघळत बसला, गालाच्या फुग्यातून गप्पा मारत. सारजाबाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली, आणि नेमकी त्याच क्षणी अंगातली आग उसळली. घामाच्या धारा लागल्या. तिनं पदर ओढून तोंड खसाखसा पुसलं.

मिरचीची गाठ घामानं भिजून मऊ झाली होती.

तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या सरी सुरू झाल्या. नाक लाल, तोंड लाल. तांब्या ठेवून ती आत पळाली.

भैरू पान चघळायचा थांबला. ‘‘इहीणबाई रडत्यात व्हय? पोरगी द्यायची मनात न्हाई जणू.’’

‘‘छ्या छ्या!’’ म्हसू घाईनं बोलला. ‘‘तसं काय न्हाई. तिला नुसत्या मिरच्या झोंबल्यात.’’

म्हसू अगदी खरं बोलला होता. पण खरं कसं बोलावं, हे कुणीतरी त्याला शिकवायला हवं होतं.

‘‘मिरच्या झोंबल्यात?’’ भैरू उठूनच उभा राहिला. ‘‘आमच्या येन्यानं? ऊठ गं तानू. हितं आपलं काम न्हाई.’’

‘‘अवो तशा न्हवं! पदरातल्या मिरच्या!’’

‘‘म्हंजी पदरात बांधूनच बसली हुती?’’

सखू दाराआड उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला. पण तानूबाई नवऱ्याकडं न बघता सरळ आत गेली. सारजाबाई डोळ्यांवर ताक शिंपडत होती.

‘‘इहीणबाई, खरं सांगा, काय झालं?’’

सारजाबाईनं सांगून टाकलं. आग, विसर, हुर्र, गाठी, मिरची. काही लपवलं नाही. ‘‘म्या येडी न्हाई वो. माझा दोष पोरीच्या माथी मारू नगा. लई गुणाची हाय ती.’’

तानूबाईनं पदर हातात घेतला, एकेक गाठ चाचपली आणि तिच्या शेजारीच बसली.

‘‘म्या काल एकच जोडवं घालून बाजारात गेले हुते,’’ ती हळूच म्हणाली. ‘‘आन् आज पोरीला द्यायचं लुगडं घरीच इसरून आले. ह्यांस्नी अजून सांगितलं न्हाई. मला वाटलं, मीच येडी झाले. मला शिकवा की वो ह्या गाठी.’’

दोघींचे डोळे वाहू लागले. (तानूबाईच्या डोळ्यांत थोडी मिरचीही गेली होती, ते तिनं बोलून दाखवलं नाही.) आतून हसण्याचा असा दणका उडाला, की ओसरीवर दोन्ही पुरुष एकमेकांकडं बघत राहिले.

तानूबाई बाहेर आली. ‘‘बसा खाली,’’ तिनं नवऱ्याला सांगितलं. ‘‘असलं चांगलं घर मिळायचं न्हाई. सुपारी फोडून घ्या.’’

भैरू बसला. ‘‘काढा मग सुपारी, पाव्हणं.’’

म्हसूनं ऐटीत उपरण्याचं टोक पुढं घेतलं. टोक मोकळं होतं. त्यानं दुसरं टोक बघितलं. मग त्याचा चघळता जबडा हळूहळू थांबला. मघाशी पानात घालायला सुपारी कुठून आली होती, ते त्याला आत्ता आठवलं.

‘‘काय झालं?’’ भैरूनं विचारलं.

‘‘फुटली,’’ म्हसू भरल्या तोंडानं पुटपुटला. ‘‘सुपारी मगाच फुटली.’’

सारजाबाईनं शांतपणे पदराचा कोपरा हातात घेतला आणि शेवटची गाठ सोडली. आतून अख्खी सुपारी निघाली.

‘‘आये, ही गाठ सुपारीची हुती व्हय?’’ सखूनं विचारलं.

‘‘न्हाई, तुझ्या बाची,’’ सारजाबाई म्हणाली. मग सुपारी नवऱ्याच्या हातावर ठेवताना तिनं अगदी मायेनं विचारलं, ‘‘मला तर कावळा सोडून चाललाय. तुमास्नी कवा शिवला वो?’’