वेदनासहित उपचार

"टॅग आता माणसानं लिहायचेच नाहीत," कंसराव म्हणाला. "ते कोडनं लिहायचे."

वेबसाइट बनवणाऱ्या त्या छोट्या ऑफिसात प्रोग्रामरला सगळे कंसराव म्हणत, कारण त्याच्या कोडमध्ये कंसाच्या पोटात कंस असत. दातांच्या डॉक्टरांच्या साइटसाठी त्यानं नेहमीचे साचे, म्हणजे मजकूर आणि त्याची मांडणी ठरवणाऱ्या खुणा, हेच ते टॅग, डोळ्यांसमोर मांडलेल्या फायली, पार उडवून लावले. सगळी पानं शुद्ध कोडमधून. एकही टॅग उघडा राहणार नाही. आनंद त्याच्या पोटात मावेना.

"आणि मला एखादा शब्द बदलायचा असला तर?" डिझायनरताईंनी विचारलं.

"मला फोन करायचा. मी आहे ना."

साइट सुरू झाली आणि स्वारी उड्या मारतच ती दाखवायला दवाखान्यात गेली. त्याची एक दाढ कधीची ठणकत होती. डॉक्टरांनी सुजलेला गाल पाहिला, खुर्चीत बसवलं आणि गप्पा मारता मारता सुई दिली. जबडा बधिर झाला, ओठ परके झाले, तेवढ्यात बाहेर बसलेले एक आजोबा मोबाइल घेऊन आत डोकावले.

"डॉक्टर, इथं 'वेदनासहित उपचार' लिहिलंय. मी निघतो."

त्यांच्या मागे आणखी दोघी पायांत चपला सरकवत होत्या.

टॅग सगळे नीट बंद होते. 'र'च्या जागी 'स' पडला होता, एवढंच. कंसरावानं घाईघाईनं ऑफिसला फोन लावून ती चूक ताईंना कशीबशी समजावली. त्यांनी कोड उघडला, शब्द बदलला, पण त्या खटपटीत एक कंस उडाला.

"हा परत कुठं लावू?"

"आहेर," कंसराव म्हणाला. 'ब' काही केल्या ओठांतून निघेना.

"आहेर? कुणाला?"

"कंस... आहेर!"

लिहून पाठवावं हे त्या घाईत कुणालाच सुचलं नाही. ताईंनी अंदाजानं कंस आत टाकला, आणि दवाखान्याच्या वेळांमध्ये प्रत्येक वाराखाली मोठ्या अक्षरांत मथळा उमटला. 'रविवारी बंद. वेदनारहित उपचार.'

आजोबांनी तेही मोठ्यानं वाचून दाखवलं.

शेवटी डॉक्टरांनी फोन हातात घेतला. "ते 'बाहेर' म्हणताहेत. बधिर तोंडाचं बोलणं मला रोजच ऐकावं लागतं."

कंस बाहेर गेला, पान ताळ्यावर आलं, चपला उतरल्या.

"डॉक्टर, यांचं तोंड कधी सुटेल?" फोनवरून ताईंनी विचारलं.

"दोन-तीन तास तरी नाही."

"पुरे. तेवढ्यात मी साचे परत लावते."

कंसराव खुर्चीतून अर्धा उठला आणि हातवारे करत बरंच काही बोलला.

"काय म्हणताहेत?"

डॉक्टरांनी शांतपणे चिमटा उचलला. "हो म्हणताहेत."