नेक पिकअप आणि नागपूरला ऐकू जाणारा पक्षी

चूक शोधणं हा माझा धंदा आहे! लीड्समधल्या एका कंपनीत मी बारा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टर आहे. बग कुठेही दडी मारून बसो, सतीश मेश्रामच्या नजरेतून सुटत नाही. तेव्हा हेवी मेटलच्या गिटारसाठी एक नेक पिकअप निवडणं म्हणजे माझ्यासाठी काय? मेथी निवडण्याइतकं सोपं!

चिव.

(याकडे लक्ष देऊ नका. आमच्या घरात अधूनमधून असा आवाज येतो. आम्हीही देत नाही.)

आधी पिकअप म्हणजे काय ते सांगतो. इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली लोहचुंबकाची चपटी डबी असते. ती तारांची थरथर पकडते आणि अँपकडे, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याकडे, पाठवते. खालच्या टोकाची डबी म्हणजे ब्रिज पिकअप. त्याचं काम गडगडाट. मानेजवळची म्हणजे नेक पिकअप. त्याच्यावर सोलो वाजतो. तो नेक पिकअप बिघडला, की सोलोचा चिखल होतो.

आमच्या ईशानीचा झाला. वय सोळा, बँडचं नाव ‘रस्टी केटल’. केटलमध्ये खिळे उकळत ठेवल्यासारखं संगीत. फेब्रुवारीत शाळेत तिनं पहिला सोलो वाजवला आणि पहिल्याच रांगेत एकानं भलीमोठी जांभई दिली. घरी आल्यावर गिटार बॅगेत गेली, बॅग कपाटामागे.

“सगळा नोट्स चिकटून येते, बाबा. खिचडीसारखा. मी परत सोलो नाही करणार. कधीच.”

“अगं, जूनमध्ये स्पर्धा आहे ना तुमची? पिकअप बदलू!”

“ओके. पण तू नको निवडू.”

“का?”

“तू टोस्टर निवडायला सात महिने घेतला.”

चिव.

टेस्ट केस १. एकोणीस पिकअप, एक तक्ता, चौदा रकाने.
अपेक्षित निकाल: एक विजेता.
प्रत्यक्ष निकाल: डोकेदुखी!

इंटरनेटवर दाढीवाले लोक तावातावानं भांडत होते. एक म्हणे हा पिकअप ‘उबदार’, दुसरा म्हणे ‘मधाळ’, तिसरा म्हणे ‘काचेसारखा’. अंगात कवट्यांचे टी-शर्ट आणि भाषा लोणच्याच्या जाहिरातीची! शेवटी मी एक ॲक्टिव्ह पिकअप निवडला. त्यात प्रत्येक सूर सुटा येतो, बासमतीसारखा. फक्त त्याला बॅटरी लागते. चौकोनी, नऊ व्होल्टची.

चिव.

“हा आवाज कसला रे?” माझी बायको दीक्षा कधीकधी विचारायची.

“बॉयलर असेल.”

“जिना असेल,” ती म्हणायची. ईशानीच्या कानांवर कायम हेडफोन, त्यामुळे तिचं काही मत नव्हतं. नागपूरहून व्हिडिओ कॉलवर माझ्या सासूबाई, द्रौपदीबाई, यांचं मात्र ठाम मत होतं.

“जय भीम, जावईबापू! काय गोड पक्षी आहे हो तुमच्या घरी! कायचा आहे?”

“इथलाच आहे कुठलातरी, आई.”

चिव.

पिकअप आला. टेबलावर मी स्वतः सोल्डरिंग केलं. धूर इतका, की समोरची दीक्षा दिसेना!

“बघ,” मी कौतुकानं म्हणालो, “एवढा धूर, पण स्मोक अलार्म ओरडला नाही. पूर्वी मोहरी तडतडली तरी बोंबलायचा.”

“झाली असेल सवय त्याला आपल्या फोडणीची,” दीक्षा म्हणाली. “चार महिने झाले, अगदी शहाण्यासारखा वागतोय.”

चिव.

बॅटरी पिकअपच्या खोक्यात नव्हती. ईशानी जिन्यावर उभी, बोटं शिवशिवतायत. मी वर पाहिलं. पॅसेजच्या छताला स्मोक अलार्म. त्यात काय असतं? चौकोनी, नऊ व्होल्टची! दोन दिवसांत नवी आणून लावू, असं म्हणून मी ती काढली आणि गिटारमध्ये बसवली.

काय सूर निघाला! सुटा! धारदार! ईशानी चार महिन्यांत पहिल्यांदा माझ्या गळ्यात पडली.

आणि मग घरात शांतता.

.

(इथे चिव यायला हवं होतं. आलं नाही. बारा वर्षांच्या अनुभवी टेस्टरच्या हे लक्षातही आलं नाही.)

टेस्ट केस २. आठ दिवसांनी, शनिवारी दुपारी, चर्चच्या हॉलमध्ये स्पर्धा. चार बँड. ‘रस्टी केटल’ तिसरा. ईशानी स्टेजमागे, तळहात जीन्सला पुसत.

“बाबा, ह्या वेळेला पण चिखल झाला तर गिटार विकून टाक. प्रॉमिस?”

“अगं, मी निवडलाय पिकअप!” मी छाती काढून म्हणालो.

बाहेर येऊन सासूबाईंना कॉल लावला, नातीचा पराक्रम थेट दाखवायला.

“दिसून राहिलं, दिसून राहिलं. पण काहो जावईबापू, तुमचा पक्षी कुठं गेला? आठ दिवस झाले, घरून फोन करता तेव्हा ओरडूनच नाही राहिला. मेला का?”

“कुठला पक्षी, आई?”

“तोच. मिनिटा-मिनिटाला चिव करे तो.”

मिनिटा-मिनिटाला. चार महिने. अलार्मची बॅटरी काढली आणि बंद!

माझ्या पायाखालची फरशी सरकली. तो पक्षी नव्हता! ती बॅटरी होती! ‘मी मरतेय, मला बदला’ असं चार महिने सांगत होती, आणि मी तीच उचलून पोरीच्या गिटारमध्ये घातली होती! शिवाय पिकअपच्या पत्रकात लिहिलं होतं, ‘वाजवत नसाल तेव्हा केबल काढा, नाहीतर बॅटरी उतरते.’ मी आठ दिवस केबल लावून ठेवली होती. सगळं कसं तयार असावं म्हणून!

पहिला बँड वाजत होता. मी धावलो. कोपऱ्यावरच्या दुकानात पेन्सिल सेल होते, घड्याळाचे सेल होते, बर्थडेच्या मेणबत्त्या होत्या. नऊ व्होल्ट नव्हती. धापा टाकत परत आलो. हॉलच्या पॅसेजमध्ये छताला एक पांढरा, गोल स्मोक अलार्म. खुर्ची ओढली. चढलो. हात वर केला.

“काय चाललंय, लव्ह?”

खाली केअरटेकर मॉरीन. गळ्यात किल्ल्यांचा जुडगा, कमरेवर हात. (लीड्समध्ये कुणालाही ‘लव्ह’ म्हणतात.)

“मी... अलार्म तपासतोय.”

तिचा चेहरा दिवाळीसारखा उजळला!

“कौन्सिलनं पाठवलं ना तुम्हाला? मार्चपासून फोन करतेय मी! आणि आलात तेही शनिवारी!”

“नाही हो, मी खरं तर...”

“एकूण नऊ आहेत. चला.”

“बॅटरी आहे का एखादी?” मी घाईनं विचारलं.

“एखादी? ड्रॉवर भरलाय!”

तिनं कोरी करकरीत बॅटरी माझ्या हातात ठेवली. मी खुर्चीवरून उतरू लागलो.

“घाला की!” खुर्ची घट्ट धरून मॉरीन म्हणाली.

घातली. काय करणार? दुसरी दिली, ती किचनमध्ये घालायला लावली. तिसरी स्वच्छतागृहात. दर वेळी बॅटरी हातात, दर वेळी मॉरीनची नजर त्या हातावर! चौथ्या अलार्मला मी झाडूंच्या खोलीत, स्टुलावर, तोंडावर जाळं. तेवढ्यात भिंतीपलीकडे घोषणा झाली, “रस्टी केटल!”

गडगडाट सुरू झाला. ब्रिज पिकअप. ठीक. मग ईशानीनं नेक पिकअपकडे खटका फिरवला.

पहिला सूर आला. तो सूर नव्हताच! गंजकं फाटक, आणि त्यात सापडलेली वाघाची शेपटी! मध्येच तुटायचा, गुरगुरायचा, परत उसळायचा. बॅटरी शेवटचे आचके देत होती, तेही अँपमधून!

संपलं. मी स्टुलावर डोळे मिटून उभा.

आणि मग हॉल फुटला! शिट्ट्या! पाय आपटणं! खोलीतले झाडू हलले!

“तुम्ही रडताय का, लव्ह?” मॉरीननं विचारलं.

“मी कौन्सिलचा नाही,” मी म्हणालो. “गिटारवालीचा बाप आहे.” आणि स्टुलावर बसून सगळं सांगून टाकलं. मॉरीन भिंतीला धरून हसली. मग दोन बॅटऱ्या माझ्या खिशात कोंबल्या. “एक घरच्या अलार्मला. आधी ती! मग गिटार.”

बाहेर ईशानी घामानं निथळलेली, डोळे बशीएवढे.

“बाबा! तो साउंड! जजनी विचारलं, कुठला नेक पिकअप आहे! मी सांगितला, माझी बाबानी सिलेक्ट केला!”

मी खिशातल्या दोन्ही बॅटऱ्या आणखी खोल कोंबल्या. तिसरे आले. (बँड चार होते.) पण गाडीत ती सगळा रस्ता सोलो गुणगुणत होती, आणि गिटार विकायचं नावही नाही. सुटलो बुवा!

घरी जाऊन आधी अलार्ममध्ये नवी बॅटरी घातली. दीक्षानं फोडणी टाकली आणि अलार्म असा काही बोंबलला, की आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या.

दुसरी नवी बॅटरी गिटारमध्ये. सूर स्वच्छ, सुटा, इस्त्री केल्यासारखा. ईशानीनं नाक मुरडलं.

“बाबा, हे नको. तो जुना दे.”

जुनी तर पार गेली होती. आता अशी मरणाला टेकलेली बॅटरी आणायची कुठून?

चिव.

आमच्याकडून नाही. भिंतीपलीकडून, शेजाऱ्यांकडून. त्यांना सांगायलाच हवं, जिवाचा प्रश्न आहे. नवी बॅटरी घेऊन आत्ता निघालोच आहे मी, स्वतः बदलून देणार आहे.

जुनी तेवढी टाकू नका म्हणावं.