एलिनामबाईंची आन्लोगा स्वारी

समुद्र आणि खाडी या उभयतांस साक्ष ठेवोन, देखिले तैसे आणि ऐकिले तैसे, पदरचे काही न घालिता ही हकीकत लिहिली असे. वाचणारास हसू आलियास खुशाल हसावे, परंतु लटिके मानू नये.

घाना देशी, समुद्र आणि खाडी यांचे बेचक्यात, आन्लोगा म्हणोन कांद्याचे वाफ्यांचा मुलूख. तेथील सेनानु डोत्से ऐन जवानीत लंडन शहरी गेले, आणि तेथे दुमजली बस हाकीत उमर काढिली, आणि केस पिकू लागलियावर लग्न केले, मग कन्यारत्न एलिनाम जाहले. बाप-लेक दोन्ही दौलतींची रयत, दोहोंकडील पारपत्रे बाळगून. मग चाकरी सरली आणि सेनानुसाहेबांनी मनसुबा केला की, उरले दिवस जन्मभूमीस काढावे आणि सहा वर्षांचे लेकीस समागमे न्यावे. राणीसाहेब यायरा वयाने लहान, इस्पितळात परिचारिका, चाकरी अद्याप बाकी. त्यांजकडोन फर्मान सुटले ते ऐसे की, पोरीस खुशाल न्यावे, परंतु नाताळी आम्ही फोनवर खुद्द तिजला पुसू, आणि ती राहते न म्हणेल तर उभयतांनी निमूट परतावे, तक्रार चालणार नाही.

मग स्वारी आन्लोग्यास थोरली बहीण आब्रा यांचे घरी उतरली, आणि एलिनामबाई जे ओट्यावर रुसून बसल्या ते उठेनात. मक्याचे उकडीचा आक्प्ले आणि भेंडीचे कालवण पुढे आले, तरी त्या तोंड फिरवीत. तेथील एवे बोली त्यांस समजे, परंतु बोलण्याची शरम. पुढील अंगणात गल्लीतील पोरींची आम्पे नामक लढाई अष्टौप्रहर चालू. समोरासमोर उडी घ्यावी, टाळी द्यावी आणि एक पाय पुढे टाकावा; पाय जुळले तर एकीची सरशी, न जुळले तर दुजीची. त्या फौजेची सरदार माकाफुई, उमर आठ, पुढील दात नदारद, जबान मात्र तलवार. तिने एलिनामबाईंची पहिली उडी चुकलेली पाहोन भर फौजेत म्हटले, “देश दोन दोन, आणि उडी एकाचीही येईना!”

त्या दिवसापासोन बाई ओट्याखाली पाऊल घालीनात. नाताळ जवळ येत चालला. सेनानुसाहेब हवालदिल जाहले, आणि मसलत करोन शत्रूकडे बिस्किटांचा नजराणा रवाना केला. नजराणा फस्त जाहला, तह नामंजूर. मग साहेबांनी निर्वाणीचा विचार केला आणि चपला काढोन जातीने रणांगणी उतरले.

“आजोबा, पडाल हं,” माकाफुई म्हणाली.

“आजोबा कोणाला म्हणतेस गं? दे टाळी!”

आणि साहेबांनी उडी घेतली, आणि गुडघा वाजला, आणि विजार मागोन उसवली, आणि साहेब वाळूत बैठकीवर आले. फौज हसोन लोळली.

“नातीला बोलावू का उठवायला?” माकाफुईने पुसले.

तों ओट्यावरोन एलिनामबाई वीज पडावी तैशा आल्या, आणि शुद्ध एवे बोलीत कडाडल्या, “आजोबा नाहीत, बाबा आहेत माझे! आणि त्यांना हसायचं तर मी हसेन. तू कोण?”

फौजेने लोळणे सोडोन कान टवकारिले.

“अगं बाई, हिला बोलता येतं!” माकाफुई म्हणाली. “मग उडी मार की.”

मग बाईंनी उडी मारिली आणि हरल्या, आणि पुन्हा हरल्या, आणि मग एक डाव जिंकिला, तो माकाफुई मानीना.

“लबाड! पाय मागाहून बदललास तू!”

“तूच लबाड! डोळे फुटले का तुझे?”

ऐसे तुंबळ युद्ध माजले. जखमी सेनापती वाळूतच पडलेले, त्यांजकडे कोणी पाहीना. ते पडल्या पडल्या, आपुले मातोश्रींचे बोलीत लेक भांडते ते ऐकत राहिले, आणि डोळे भरोन आले.

आब्राबाई धावोन आल्या. “अरे सेनानु, गुडघ्यापायी रडतोस? या वयात?”

“हो, फार दुखतंय,” साहेब म्हणाले. खरे सांगण्यापरीस ते सोपे होते. मग आब्राबाईंचा हुकूम जाहला की, दोन्ही पक्षांनी पाय धुवोन जेवावयास बसावे. आणि उभय सरदार एकाच वाडग्यातोन आक्प्ले जेविले, मधोन मधोन भांडत.

पुढे नाताळ आला आणि राणीसाहेबांचा फोन आला, की बाळ, काय ठरले?

“आई, आत्ता नाही गं बोलत. माकाफुई पुढे आहे, तिला गाठायचंय. तूच ये ना इकडे!” ऐसे म्हणोन बाई पसार.

साहेबांनी फोन कानास लाविला.

“ऐकतेस का?” साहेबांनी भीत भीत पुसले.

“ऐकलं. उन्हाळ्यात रजा टाकते,” राणीसाहेब म्हणाल्या. “आणि वन्सं सांगत होत्या, लंगडतोस म्हणे? मी येईपर्यंत उड्या मारू नकोस.”

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. मुलूख हस्तगत, अंगण एक. खासा सेनापती जायबंदी; विजार रणी कामास आली. एलिनामबाईंचा अंमल त्या अंगणी कायम बसला, आणि आता सांज जाहलियावर जेवावयास हाका मारोन मारोन सेनानुसाहेबांचा घसा बसतो, परंतु बाई काही घरात येत नाहीत.