सिद्रामअण्णांचे आगाऊ पेढे

आमच्या गल्लीत आधी पेढे येतात आणि मग निकाल लागतो. सोलापुरात आणखी कुठे ही पद्धत असल्याचं माझ्या ऐकिवात नाही. ती सुरू केली समोरच्या घरातल्या सिद्रामअण्णांनी आणि चालवतातही तेच. पोरगं परीक्षेला बसलं की पेढे. कुणी बदलीसाठी अर्ज केला की पेढे. कुणाच्या मुलीला बघायला पाहुणे येणार अशी नुसती कुणकुण लागली तरी अण्णा दारात हजर. हातात पुडा आणि चेहऱ्यावर असा आनंद, की आता फक्त अक्षता टाकायच्या राहिल्यात.

माझ्या मुलीचा बारावीचा निकाल होता, त्याच्या आदल्या संध्याकाळी ते आले. घरात कुणी कुणाशी बोलत नव्हतं. मुलगी उशीत तोंड खुपसून पडली होती.

"बाई, हात पुढं करा." मी शाळेत गणित शिकवते, म्हणून साऱ्या गल्लीची मी बाई.

"अण्णा, निकाल उद्या आहे."

"मला ठावं हाय की! म्हणून तर आज आलोय. निकाल लागल्यावर कुणीबी वाटतंय, त्यात काय हाय?"

"आणि नापास झाली तर?"

"तर काय खाल्लेला पेढा भाईर येतोय? हात पुढं करा."

मला मनापासून राग आला. उत्तर आधी लिहून गणित नंतर करणारी पोरं मला मुळीच आवडत नाहीत. पण मुलीनं उशीतून तोंड काढलं, हसली आणि दोन पेढे खाऊन चक्क जेवायला बसली, तेव्हा मीही हात पुढे केला. दुसऱ्या दिवशी ती बऱ्यापैकी मार्कांनी पास झाली. मी धावत सांगायला गेले, तर अण्णांनी नुसती मान हलवली. त्यांच्या दृष्टीनं तो विषय कालच संपला होता.

अण्णा एस.टी.त कंडक्टर होते. मंद्रूपच्या आणि त्याच्याही पलीकडच्या कानडी मुलखातल्या गाड्यांवर त्यांची सगळी नोकरी झाली. त्यांच्या स्वभावाचं मूळ तिथंच आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. बाजाराच्या दिवशी गाडीत मुंगीला शिरायला वाव नसायचा आणि हा माणूस दारात उभा राहून ओरडायचा, "मागं लई जागा हाय, या की!" माणसं यायची, कोंबड्या यायच्या, एखादं करडू यायचं आणि गंमत म्हणजे सगळी मावायची. "जागा नसती असं कदीच नसतंय बाई, जरा सरकाय लागतंय," असं अण्णा अजून सांगतात. ज्यानं जन्मभर भरल्या गाडीत जागा बघितली, त्याला निवृत्तीनंतर शंका घ्यायला कोण शिकवणार? मी प्रयत्न करून बघितला. "हुतंय की!" या दोन शब्दांपुढे माझं गणित चालत नाही.

आता आगाऊ पेढे फसतात, हे वेगळं सांगायला नको. शेजारच्या व्यंकटेशभाऊंचा चादरींचा कारखाना आहे. त्यांच्या भाच्यासाठी मुलगी बघायला घरची मंडळी अकलूजला निघाली, तर गाडी सुरू व्हायच्या आत अण्णांचे पेढे गल्लीभर वाटून झाले होते. संध्याकाळी मंडळी चेहरे पाडून परत. मुलीनं तोंडावर 'नाही' म्हणून सांगितलं होतं. आम्ही पेढे खाऊन बसलेली माणसं, आम्हाला कुठे बघावं ते कळेना. अण्णांचं काही अडलं नाही.

"तिची आई काय म्हणली?"

"आईला पसंत होतं," भाऊ कुरकुरले.

"मग! निम्मं जमलंय की!" अण्णांनी टाळीसाठी हात पुढं केला आणि भाऊंनी टाळी दिलीसुद्धा.

कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्यानं मला एकदा खासगीत सांगितलं, की अण्णा कधी कधी कारण नसतानाच पुडा बांधून घेतात. कशाचे हो, असं विचारलं तर म्हणतात, "बघतो की गल्लीत काय निघतंय ते."

हे वाचून तुम्हाला वाटेल, सुखी माणूस दिसतो, घरी काही व्याप नसणार. तसं नाही. अण्णांच्या पत्नी महादेवीकाकू अंथरुणाला खिळून आहेत. अर्धांगाचा झटका आला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. मूलबाळ नाही. जिच्या आवाजानं सकाळी गल्लीला जाग यायची, ती बाई खिडकीजवळच्या कॉटवर मुकी पडून असते. कळतं सगळं, बोलता मात्र येत नाही. सुरुवातीला तर त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या आणि घास तोंडात घेईनाशा झाल्या होत्या. तेव्हा डॉक्टर अण्णांना म्हणाले, "औषधाचं आम्ही बघतो. यांचं मन तेवढं खचू देऊ नका. मन खचलं तर आमच्या हातात काही राहणार नाही." अण्णांनी ते जे मनावर घेतलं ते कायमचं. आज त्यांना जगात एवढं एकच काम आहे.

काकू पुन्हा बोलणार, याबद्दल अर्थातच त्यांना शंका नाही. एकदा सकाळीच धावत आले. "बाई! आज 'अ' म्हणली!"

आमचे हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "जांभई दिली असेल."

अण्णांनी खिशातून पुडा काढला. "जांभईत बी 'अ' असतोय की," म्हणाले आणि पुडा उघडला.

मग या उन्हाळ्यात ते बोअरचं प्रकरण झालं. आमच्या नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं. पाणी सुटल्याचा निरोप आला तर आम्ही पंगतीतून उठून घरी पळतो. तेव्हा व्यंकटेशभाऊंनी पुढाकार घेतला आणि सगळ्यांनी मिळून अण्णांच्या घरामागच्या मोकळ्या जागेत बोअर मारायचं ठरवलं. जमिनीखालचं पाणी सांगणारा पानाड्या आला. तळहातावर नारळ आडवा ठेवून फिरला. एका ठिकाणी नारळ उभा राहिला आणि अण्णांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यापुरतं पाणी तिथंच लागलं.

मशीन आलं त्या दिवशी गल्लीत जत्रा भरली. बायका ठेवणीतल्या साड्या नेसून आल्या. मी, एवढी शंकेखोर बाई, शाळेतून अर्धी रजा टाकून घरातली सगळ्यांत मोठी घागर घेऊन उभी! मशीनवरची पोरं पार दक्षिणेकडची, त्यांना ना मराठी येत होतं ना कानडी. अण्णांनी त्यांच्या तोंडात पेढे कोंबले, तेव्हा ती बिचारी एकमेकांकडे बघत राहिली. मग मशीन धडधडायला लागलं आणि जमिनीतून पांढरा धुरळा उसळला.

"पाणी लागलं की धुरळा बंद," व्यंकटेशभाऊ ओरडून सांगत होते. "मग नुसता चिखल उडतो. धुरळ्याकडे लक्ष ठेवा!"

आम्ही लक्ष ठेवलं. दुपार झाली, धुरळा उडतच होता. आमच्या भुवया पांढऱ्या झाल्या, ठेवणीतल्या साड्या पांढऱ्या झाल्या. दर थोड्या वेळानं अण्णा पुढे जाऊन चिमूटभर धुरळा बोटांत चोळून बघत. "वलसर लागतंय! आता आलंच!" मी चोळून बघितला. गिरणीतल्या पिठासारखा कोरडा ठणठणीत. तरी खरं सांगते, त्यांचा आवाज ऐकला की माझी घागर आपोआप पुढे सरकायची.

ऊन कलल्यावर मशीनवाल्यानं हात हलवला आणि खालचे पाइप वर ओढायला घेतले. कातळ, नुसता कातळ. थेंबभर पाणी नाही. व्यंकटेशभाऊ डोकं धरून दगडावर बसले.

"भोक तर पडलंय की," अण्णा म्हणाले. "पावसाचं पाणी मुरवाय येतंय." त्या दिवशी पहिल्यांदाच कुणी हसलं नाही. अण्णा हळूच घराकडे निघाले.

त्यांचा पेढ्यांचा डबा माझ्याकडे राहिला होता, तो द्यायला मी मागोमाग गेले आणि घराशेजारच्या बोळात जे बघितलं त्यानं थबकलेच. अण्णा पाण्याच्या बॅरलपाशी उभे होते. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं, तांब्या बुडवला आणि कपड्यांसकट डोक्यावर ओतला. मग दुसरा शर्टावर. नळ येऊन चार दिवस झालेले, जिथं आम्ही भाज्या धुतलेलं पाणी झाडांना घालतो, तिथं हा माणूस पाण्याची अशी नासाडी करतोय! मी ओरडणारच होते, तेवढ्यात ते निथळत घरात शिरले आणि आतून त्यांचा आवाज आला.

"मादेवी! नीर बंतु! पाणी लागलं गं! ह्ये बघ, मी कसा भिजलोय! एवढी धार उडाली, गच्चीच्या वर! बाईंची घागर भरली, भाऊ नाचाय लागले. अन् ती भाऊंची अकलूजची सून, नव्या साडीनिशी चिंब भिजली की!"

अकलूजची सून! म्हणजे भाच्याचं लग्नसुद्धा त्या खोलीत कधीच लागलं होतं. आमच्या गल्लीत जे जे हुकलं होतं, ते सगळं त्या कॉटपाशी सुखरूप पार पडलं होतं. मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले.

अण्णा टॉवेल घ्यायला बाहेर आले आणि मला बघून वरमले. मग माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तिला रोज एक चांगली बातमी लागती, बाई. खऱ्या बातम्या कुटनं आणू? हितं महिन्यातनं एक निघती. मग निकालाच्या आधीच सांगून टाकतो. आधी सांगितलं की ते खोटं नसतंय. पाणी लागणार म्हणून बी सकाळीच सांगून बसलो हुतो. निकाल मागनं फिरला, तर त्याला मी काय करू?"

"आणि ती अकलूजची सून?"

"एकदा घरात घेतली तिला," अण्णा डोकं पुसत म्हणाले, "आता भाईर कशी काढू?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. अण्णांना औषधं आणायला जायचं होतं. काकूंजवळ घटकाभर बसाल का, म्हणून विचारायला आले आणि जाता जाता डोळ्यांनीच विनवलं. मी म्हटलं, काळजी करू नका.

काकूंची खिडकी गल्लीकडे उघडते, तिथून बोअरची जागा दिसत नाही, त्यामुळे मला धीर होता. मी खुर्ची ओढली आणि सुरू झाले. "काकू, काय धार म्हणून सांगू तुम्हाला! माझी एवढी मोठी घागर एका दमात भरली! पोरं तर नुसती लोळत होती पाण्यात!" जन्मात कधी थाप न मारलेली मी, पण सांगता सांगता मलाच उकळ्या फुटायला लागल्या. पाणी मला दिसायला लागलं.

काकू माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या ओठांचा डावा कोपरा हळूच वर गेला. मग त्यांनी डावा हात उचलला, खिडकीच्या कट्ट्यावर नेला, एक बोट फिरवलं आणि ते माझ्या डोळ्यांसमोर धरलं. बोट पांढरं झालं होतं. कट्ट्यावर कालच्या धुरळ्याचा थर होता, सुका, भुरभुरीत. तो पुसायचं काही अण्णांना सुचलं नव्हतं.

मंद्रूपच्या शेतकऱ्याची ही लेक. बापाच्या रानात किती बोअर कोरडे गेलेले तिनं बघितले असतील. आणि मला एकदम आठवलं, संध्याकाळी आम्ही बायका गप्पा मारायला बसतो ती पायरी याच खिडकीखाली आहे. अकलूजच्या मुलीनं नकार कसा दिला, याचा कीस तिथं बसून मीच पाडला होता. काकूंना सगळं ठाऊक होतं, पहिल्यापासून. त्या रोज ऐकून घेत होत्या, रोज खूश होत होत्या, कारण सांगून झाल्यावर अण्णांचा चेहरा कसा फुलतो ते त्यांना बघायचं असायचं.

माझे डोळे भरून आले. "काकू, अण्णांना..." मी बोलायला गेले, तर त्यांनी ते पांढरं बोट स्वतःच्या ओठांवर ठेवलं.

बाहेर फाटक वाजलं. काकूंनी घाईघाईनं पदरानं ओठ पुसले, बोट पुसलं. "मादेवी, ऐक की, आज काय झालं!" अण्णा फाटकापासूनच ओरडत येत होते. काकूंनी मान दाराकडे वळवली आणि असे मोठे डोळे करून बघायला लागल्या, की मीसुद्धा खुर्ची तिकडे फिरवून बसले.