टिटवीतळ्याची सुगम प्रदक्षिणा

निसर्ग सर्वांचा आहे, म्हणूनच त्याला कुंपण घालावं लागतं. या उदात्त विचारातून पैठण रस्त्याला, शहर जिथं संपायचं ठरवतं आणि मग विसरतं तिथं, टिटवीतळ्याभोवती सुगम वर्तुळाकार पायवाट झाली. व्हीलचेअर सहज जावी असा गुळगुळीत रस्ता, कठडा, सावलीत बाक, ब्रेलमध्ये पक्ष्यांची नावं. पाणथळाला लागतं ते सगळं होतं. (पाणी नव्हतं. दुष्काळाचा दुसरा उन्हाळा होता, आणि पाणी हा विषय पायवाट समितीच्या कक्षेत येत नव्हता.)

पहिल्या प्रदक्षिणेचा मान भानुमतीबाईंना मिळाला. बाई भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. चालत्या होत्या तोवर दर हिवाळ्यात शाळेच्या मुलींना घेऊन याच तळ्यावर यायच्या. मग मणक्याच्या दुखण्यात पाय गेले, खुर्ची आली आणि तळं सुटलं. त्यामुळे आमंत्रण येताच त्यांनी ठेवणीतली साडी काढली, दुर्बीण पुसली. खुर्ची ढकलायचं शेजारच्या शाइस्तानं पत्करलं.

समितीचे अध्यक्ष श्रीधर अष्टपुत्रे पाहुण्यांसह आधीच आत गेले होते, कारण फोटोला कोवळं ऊन लागतं. फाटकात मोकाट गुरं शिरू नयेत म्हणून लोखंडी खांब रोवले होते. खांब उत्कृष्ट होते. बाईंची खुर्ची अर्धी आत गेली आणि गच्च अडकली.

"वाट शंभर टक्के सुगमच आहे," अष्टपुत्रे आतून म्हणाले. "फाटक त्यात धरलेलं नाही, एवढंच. बाईंना उचलून घेऊ या."

"मी सामान नाही," बाई म्हणाल्या. "खुर्ची आत येईल तेव्हा मी येईन." आणि त्यांनी ब्रेक लावला.

वाटेला फाटक एकच. वर्तुळाचा मोठेपणा पाहुण्यांना तेव्हा कळला: कुठूनही निघा, माणूस पुन्हा बाईंपाशीच येतो.

तेवढ्यात शाइस्ताला कुंपणाबाहेर उभा टँकर दिसला. त्याचा पाइप तळ्यात सोडला होता. पाणथळ वाटावं इतपत डबकं साचलं होतं.

"बाई, हा तर आपल्या गल्लीचा टँकर! चार रोज झाले वाट बघायलो आपण!"

"मला नका बोलू, ताई," ड्रायव्हर कडुबा म्हणाला. "साहेब म्हणले, आधी पक्ष्यायला पाज, मंग माणसायला."

बाईंनी दुर्बीण लावली. डबक्याकाठी दोन टिटव्या उतरल्या होत्या. किती वर्षांनी! हे पाणी असंच चालू राहावं, असं क्षणभर त्यांना फार वाटलं. मग त्यांनी दुर्बीण मांडीवर ठेवली.

"कडुबा, पाइप काढ. गल्लीत जा. शाइस्ताच्या घरात तान्हं लेकरू आहे."

"आणि पक्षी?" अष्टपुत्र्यांनी कळवळून विचारलं.

"आहे तेवढ्यात भागवतील. ते समितीच्या भरवशावर राहत नाहीत."

अष्टपुत्र्यांनी डोक्यावर आलेल्या उन्हाकडे पाहिलं आणि लोकहितार्थ मान डोलावली. टँकर गेला. ब्रेक मात्र सुटला नाही.

"आता खांब," बाई म्हणाल्या.

चितेगावहून गॅस कटर घेऊन वेल्डिंगवाला तौफिक येईपर्यंत पाहुण्यांनी बाकांचा मनापासून लाभ घेतला. एकानं ब्रेलच्या पाटीवर बोट ठेवून ते लगेच उचललं. (पाटी तापली होती. वाचन अपूर्ण राहिलं.)

खांब कापले गेले. खुर्ची आत शिरली, तशी एक टिटवी उडाली आणि बाईंच्या डोक्यावर घिरट्या घालत कडाकडा भांडू लागली.

"किती ओरडायली!" शाइस्ता दचकली.

"अजून तशीच आहे गं," बाई म्हणाल्या आणि हसता हसता त्यांनी पदरानं डोळे टिपले.

खांब गेल्यापासून तळं खरोखर सर्वांचं झालं. लोक मोटारसायकलीवरून थेट आत येतात, सावली पाहून वाटेवरच गाडी लावतात. शहर वाढतंय, निसर्गाची ओढही वाढतेय. बाई नेमानं येतात. आत्ताही त्या आतच आहेत, कारण परतीच्या वाटेवर कुणीतरी गाडी आडवी लावली आहे. मालक सुसंस्कृत दिसतात, बाकावर बसून उपरोधिक कथा वाचतायत, गालात हसतायत.

अहो, तुम्हीच. जरा गाडी काढता का?