ऑर्चर्डिस्ट जावई

औशाच्या सुदर्शनचं लग्न काही केल्या जमत नव्हतं. सीताफळाची बाग जोमात होती, पोरगा सुपारीच्या खांडालाही शिवत नव्हता. पण "मुलगा शेती करतो" एवढं ऐकलं की पलीकडून फोन बंद व्हायचा. शेवटी वैतागून ज्ञानोबामामांनी धर्माबादच्या व्यंकटरावांना फोनवर ठोकून दिलं, "मुलगा ऑर्चर्डिस्ट हाय." तिकडून लगेच पोहे खायला या म्हणून निरोप आला.

सुदर्शनचा जीव टांगणीला लागला. फळबाग करणारा, एवढाच काय तो त्या शब्दाचा अर्थ. कुणी खोदून विचारलंच तर हाताशी असावी म्हणून त्याने मोबाईलवर शब्दाची सगळी कुळी शोधून ठेवली.

बैठकीत व्यंकटरावांची नजर आधी पाहुण्यांनी आणलेल्या सीताफळांच्या क्रेटवर गेली. "लोक आणून देत असतील, न्हाई का?"

"न्हाई, घरचीच हायत."

"हाताखाली माणसं किती?"

"तोडणीच्या दिवसांत वीस-पंचवीस."

"आन् बदली?"

"झाडं सोडून कुठं जाणार?"

व्यंकटराव खूश झाले. "पण ह्या शब्दाचा नेमका अर्थ काय हो?"

ज्ञानोबामामांनी डोळे वटारले. सुदर्शनला मात्र सुटल्यासारखं वाटलं. "ऑर्चर्ड म्हंजे फळबाग. लई जुना इंग्रजी शब्द हाय, मुळात कुंपण घातलेली बाग. ती करणारा तो ऑर्चर्डिस्ट."

"म्हंजे खातं इंग्रजांच्या काळातलं," व्यंकटराव बायकोला म्हणाले. "पेन्शन असणारच."

मग मुला-मुलीला बोलायला गच्चीवर पाठवलं. पुनम त्याला पाहताक्षणी आवडली होती, म्हणूनच तिला फसवणं त्याच्या जिवावर आलं. "मी शेतकरी हाय," तो खाली बघत म्हणाला.

"म्हाईत हाय. फोन आला त्याच दिवशी मी मोबाईलवर अर्थ बघितला."

"मग घरी सांगितलं न्हाई?"

"दोनदा सांगितलं. आता तुमी सांगून बघा."

खाली येऊन सुदर्शन उभ्यानेच बोलला. "खोटं बोलून मला पोरगी न्यायची न्हाई. मी शेतकरी हाय, माझा बाप शेतकरी हाय. पगार न्हाई, पेन्शन न्हाई."

मामा चपला कुठे काढल्या ते आठवू लागले. व्यंकटराव उठले, त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी सुदर्शनचे दोन्ही हात धरले.

"बघितलं?" ते बायकोला म्हणाले. "एवढा मोठा साहेब, पण काडीचा गर्व न्हाई." आणि त्यांनी साखरपुड्याची तारीख काढायला कॅलेंडर मागितलं.