बंद शटरपुढची रांग

चहाचा डबा पालथा करून सासूबाईंनी त्याच्या बुडावर जोरात थापा मारल्या, तेव्हा आतून चिमूटभर भुकटी आणि एक मुंगी बाहेर पडली. मुंगी आपल्या वाटेनं गेली. भुकटी सासूबाईंनी स्वतःपुरत्या उकळत्या पाण्यात टाकली आणि जाहीर केलं, "संपला. उद्या सकाळी ह्या घरात चहा नाही."

त्यांचे जावई, म्हणजे ग्रंथपाल, हातातलं पुस्तक मिटून बसले. सासूबाई लेकीकडे चार दिवसांसाठी म्हणून आल्या आणि पाठोपाठ टाळेबंदी आली. आता जायचं म्हटलं तरी जाता येत नव्हतं, आणि राहायचं तर जावयाचं तोंड रोज बघणं भाग होतं. चहा पोटात असला की सासूबाई जावयाला टोमण्यांवर सोडून देत. चहा नसलेल्या सासूबाई काय करतील, याचा अनुभव घरात कुणालाच नव्हता आणि घ्यायची हौसही नव्हती.

तसं घर सामानानं गच्च भरलं होतं. टाळेबंदीची कुणकुण लागली त्या दिवशी तिघं तीन दिशांना धावले होते. सासूबाईंनी मैत्रिणीचा फोन ऐकून मीठ आणलं. इतकं, की पलंगाखाली पाय घालायला जागा उरली नाही. बायकोनं कपड्यांचे साबण आणले. ग्रंथपालांना दुकानात काहीच उरलेलं दिसलं नाही, म्हणून त्यांनी मेणबत्त्या आणि काडेपेट्या आणल्या. चहा मात्र दुसरं कुणीतरी आणेल असं प्रत्येकाला वाटलं. एक ना धड, भाराभर चिंध्या.

मग काटकसर सुरू झाली. ती कुठून सुरू करायची, याबद्दल सासूबाईंच्या मनात शंका नव्हती. आधी जावयांचा दुपारचा चहा गेला, मग सकाळचाही गेला.

"तुम्हीच जा आता," बायको म्हणाली. "किराणावाल्यांकडे कालच चहा आलाय म्हणे. दुपार व्हायच्या आत जा, नंतर सगळं बंद."

"ह्यांना पाठवतेस?" सासूबाईंनी कपातून तोंड वर केलं. "मागच्या खेपेला कांदे आणायला गेले होते. तुम्ही व्हा पुढं, तुम्ही व्हा पुढं, करत सगळ्या गावाला पुढं घातलं आणि हात हलवत परत आले."

हे खरं होतं. ग्रंथपाल भिडस्त होते. शाळेच्या वाचनालयात उभं आयुष्य गेल्यामुळे ते घरात, रस्त्यात, अगदी दाढदुखीतसुद्धा कुजबुजतच बोलत. अशा माणसाला रांगेत कोण जुमानतो? पण आज त्यांना खरंच वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत ह्या बाईच्या तोंडून आपल्याबद्दल एक चांगला शब्द निघाला नाही, आणि आज चहा नाही मिळाला तर तो पुढेही निघणार नाही, हे त्यांना स्वच्छ दिसत होतं. त्यांनी पिशवी उचलली आणि बायकोनं बांधलेल्या मास्कमधून म्हणाले, "चहा घेऊनच येतो."

ते काय म्हणाले, हे कुणाला ऐकू आलं नाही.

रस्ता सामसूम होता. सगळ्या दुकानांपुढे, उघड्या असोत की बंद, खडूनं वर्तुळं आखून ठेवली होती आणि नगरपालिकेच्या गाडीवरचा कर्णा दिवसभर सांगत फिरे की, नागरिकांनी उभं राहायचं तर वर्तुळातच राहावं. नाक्यावर येईपर्यंत ग्रंथपालांच्या चष्म्यावर इतकी वाफ जमली की पुढचा विजेचा खांब त्यांना माणूस वाटला आणि त्यांनी त्याला वाट दिली. आता चष्मा पुसणं भाग होतं. दुसरा कुणी असता तर जागच्या जागी थांबून पुसला असता. पण ग्रंथपाल नियमाचे पक्के. बाजूला एक बंद दुकान होतं. त्याच्या पाटीवर 'अंतर राखा' असा भलामोठा फलक कुणीतरी बांधून टाकला होता, त्यामुळे दुकान कसलं हे कळत नव्हतं. त्या दुकानापुढच्या पहिल्या वर्तुळात ते जाऊन उभे राहिले आणि सदऱ्याच्या टोकानं निगुतीनं काचा पुसू लागले.

चष्मा डोळ्यांवर चढवून बघतात तर दुसऱ्या वर्तुळात एक जाडसर गृहस्थ उभे होते. डोक्यावर टोपी, तोंडाला रुमाल, मध्ये नुसते डोळे.

"काय मिळतंय?" डोळ्यांनी विचारलं.

"काही नाही. मी सहज थांबलोय," ग्रंथपाल कुजबुजले.

गृहस्थांनी शब्द ऐकले आणि मान डोलावली. एवढ्या हळू आवाजात बोलणारा माणूस काहीतरी लपवतोय, एवढं न कळण्याइतके ते दूधखुळे नव्हते. ते आणखी ताठ उभे राहिले. त्यांना ताठ उभं राहिलेलं पाहून समोरून चाललेल्या एक बाई थबकल्या आणि तिसऱ्या वर्तुळात शिरल्या. त्यांच्यामागे शिंपी आला, शिंप्यामागे त्याचा मेहुणा. ग्रंथपाल निघायला म्हणून वळले तर सगळी वर्तुळं भरलेली, आणि खडू संपला होता तिथून पुढे लोक मनातल्या वर्तुळांत उभे.

"अहो, मला जायचंय," ग्रंथपाल म्हणाले.

"जा की," मागचे गृहस्थ म्हणाले, "पण नंबर जाईल. परत आलात की शेवटी उभं राहावं लागेल."

"इथं काही मिळत नाहीये हो."

"असं सांगून आम्हाला कटवताय होय? आणि स्वतः पहिले उभे?"

ग्रंथपालांची धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. तेवढ्यात एक पोलीस काठी हलवत येताना दिसला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. आता हा सगळ्यांना हाकलेल, आपण सुटू, चहा मिळेल. पोलीस आला, त्यानं ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत रांग बघितली आणि काठी खाली घेतली.

"वा," तो म्हणाला. "सकाळपासून घसा फोडतोय, पण शिस्त इथंच दिसली. कोण आहे पहिला?"

सगळ्यांनी ग्रंथपालांकडे बोट दाखवलं. पोलिसानं त्यांचा फोटो काढला, मग जवळ येऊन आवाज उतरवून म्हणाला, "साहेब, जे काय असेल ते माझ्यासाठीही एक घेऊन ठेवा. ड्यूटीवर आहे, रांगेत राहता येत नाही."

पोलीस गेला आणि खिशातला फोन वाजला. बायको होती.

"अहो, कुठं आहात? नाक्यावरच्या बंद दुकानापुढं ही भली मोठी रांग लागलीय म्हणे. वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या भावाला कुणीतरी सांगितलं. ते चहाबिहा राहू दे, आधी तिकडे जा आणि रांगेत उभे राहा."

"मी तिथंच आहे."

"कितवे?"

"पहिला."

पलीकडे मग फोनची ओढाओढ झाल्याचा आवाज आला आणि सासूबाई बोलू लागल्या. हा आवाज ग्रंथपालांनी पूर्वी कधी ऐकला नव्हता. त्यात मध होता.

"जावईबापू, पहिले? तुम्ही? मग आता काही झालं तरी हलू नका. ऊन लागलं तर रुमाल घ्या डोक्यावर. आणि द्यायला लागले की दोन मागा."

"आई, पण इथं काही—"

"दोन," सासूबाई म्हणाल्या आणि फोन बंद झाला.

ग्रंथपालांनी खरं सांगायला पुन्हा फोन लावायला हवा होता. त्यांनी तो खिशात ठेवला. खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटत होतं. एवढी माणसं आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या मागे उभी होती.

कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसं त्याच वेळी दुकानाच्या वरच्या मजल्यावरची खिडकी उघडली. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी डोकं बाहेर काढलं, रांग बघितली, डोकं आत घेतलं आणि खात्री करायला पुन्हा बाहेर काढलं. मग जिन्यावर धडधड पावलं वाजली. ते गृहस्थ म्हणजे दुकानाचे मालक. किल्ल्यांचा जुडगा घेऊन आले तेव्हा त्यांच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती. शटर कुरकुरत वर गेलं आणि सगळ्या रांगेनं टाचा उंचावल्या.

आत चषक होते. ढाली होत्या, पदकं होती, लाकडी पाटावर उभे केलेले पितळी खेळाडू होते. बक्षीस समारंभ बंद पडल्यापासून मालकांच्या दुकानात कुणी फिरकलं नव्हतं आणि शाळांनी दिलेल्या ऑर्डरी तशाच पडून होत्या.

"या," मालक गल्ल्यावरची धूळ झटकत म्हणाले. "काय देऊ?"

चूक मान्य करायची तर ती पहिल्यानं करावी, म्हणून रांगेतला जो तो वाट बघत होता. पहिले होते ग्रंथपाल. त्यांनी मालकांचे डोळे बघितले. एवढ्या आशेनं बघणाऱ्या माणसाला 'चष्मा पुसायला थांबलो होतो' असं सांगणं त्यांच्या जिवावर आलं.

"दोन द्या," ते म्हणाले.

मग काय विचारता. पहिल्यानं दोन घेतले म्हटल्यावर मागून ओरडा सुरू झाला. "एकाला दोनच द्या हो, आम्हाला पुरायला हवेत." "पितळ महागणार आहे, मला आधीच कुणीतरी बोललं होतं." तिसऱ्या वर्तुळातल्या बाईंनी मोठा चषक हातात तोलून पाहिला आणि पीठ मोजायला बरा पडेल म्हणाल्या. शिंप्यानं ढाल घेतली, म्हणून मेहुण्यानंही घेतली. सगळा माल बघता बघता उडाला. शेवटच्या लोकांनी रिकामे पाट नेले.

ग्रंथपालांच्या पिशवीत आता दोन चषक होते. एकावर कोरलं होतं, 'लांब उडी, मुली, द्वितीय क्रमांक.' दुसऱ्यावर फक्त 'उत्तेजनार्थ'. ते घाईघाईनं किराणा दुकानाकडे निघाले. मागचे जाडसर गृहस्थही त्याच वाटेनं चालू लागले.

"तुम्हीही किराण्यालाच का?" ग्रंथपालांनी विचारलं.

गृहस्थांनी रुमाल खाली केला. ते किराणावाले होते.

"गिऱ्हाईक का फिरकत नाही म्हणून कुलूप लावून बघायला बाहेर पडलो," ते ओशाळून म्हणाले. "तर तुम्ही तिथं. म्हटलं, ग्रंथपालांसारखा माणूस पहिला उभा आहे, म्हणजे काहीतरी असणार. मग मागे उभा राहिलो. चहा काय, पोतंभर पडलाय माझ्याकडे. पण आता वेळ संपली. उघडलं तर दंड होईल."

घरी ग्रंथपालांनी चषक टेबलावर ठेवले आणि सगळं खरं सांगून टाकलं, चष्म्यापासून किराणावाल्यांपर्यंत. बायको पदर तोंडाला लावून हसायला लागली. सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी लांब उडीचा चषक हातात घेऊन उलटसुलट फिरवला.

"म्हणजे तुम्ही नुसते उभे राहिलात की लोक येतात," त्या म्हणाल्या.

"तसं काही नाही, आई, योगायोग—"

"किराण्याला निघालेली माणसंसुद्धा तिकडे आली. स्वतः किराणावाला आला." सासूबाईंचे डोळे बारीक झाले. "बागेजवळ ते भाड्यानं द्यायचं दुकान आहे ना, कधीपासून रिकामं? उद्या सकाळी त्याच्यापुढं जाऊन उभे राहा. सगळे तुमच्या मागं आले की ही जाईल आणि आरामात चहा घेऊन येईल. किराणावाल्याला काय ते मी आत्ताच फोन करून सांगते, उद्या जागचा हलू नको म्हणून."

ग्रंथपालांना हे पटलं नाही. पण सासूबाईंनी आपल्यावर एखादी कामगिरी सोपवल्याचं त्यांच्या आठवणीत नव्हतं. सकाळी ते बिनचहाचे, डोकं ठणकत असताना बागेजवळच्या रिकाम्या दुकानापुढे पहिल्या वर्तुळात जाऊन उभे राहिले आणि चष्मा पुसू लागले. त्यांना ओळखणारे आता बरेच होते. "तेच ते, कालचे पहिले," असं कुणीतरी म्हणालं आणि काल रिकामे पाट मिळालेले लोक धावत आले. चष्मा पुसून होईतो रांग बागेच्या फाटकाला वळसा घालून गेली.

बऱ्याच वेळानं बायको घाईघाईनं येताना दिसली. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात थर्मास.

"मिळाला का चहा?" ग्रंथपालांनी विचारलं.

"मिळाला. किराणावाले एकटेच माश्या मारत बसले होते. घरी नेला, आईनं केलाही."

"मग मी निघतो."

"निघता कुठं?" बायकोनं इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला. "आईला तिच्या मैत्रिणीचा फोन आला होता. ह्या दुकानात साखरेची पोती उतरलीत म्हणे. किराणावाल्यांनीही माझ्याकडे पिशवी दिलीय, त्यांच्यासाठी घ्यायला."

"अगं, पण हे दुकान रिकामं आहे. मला इथं आईंनीच उभं केलंय ना?"

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाली, एवढे सगळे लोक काय वेडे आहेत का." बायकोनं थर्मासचं झाकण उघडलं, त्यातच चहा ओतला आणि पुढे केला. "हा तुमच्यासाठी पाठवलाय. जावईबापू सकाळपासून उभे आहेत, म्हणाली. स्वतः केलाय, साखर जास्त घालून."

ग्रंथपालांनी मास्क खाली ओढला. वाफेनं चष्मा पुन्हा झाकोळला, पण ह्या वेळी त्यांनी तो पुसला नाही. त्यांनी एक घोट घेतला, वर्तुळात पाय नीट रोवले आणि शटरकडे तोंड करून उभे राहिले.